दांडा झाडावरच वाढवावा
नाशिकजवळ गंगापूरला गोदाकाठच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. आपल्या हाती दगड आला. लाकूड कुजते, त्यामुळे दांडे गेले आणि त्यांच्यामागची झाडांची जाणही नजरेआड झाली. ती किती खोल असू शकते, हे फ्रेंच मिशनरी लाफितो यांनी १७२४ साली उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांविषयी लिहिलेल्या वर्णनात दिसते: कोवळ्या झाडाला चीर देऊन दगडी पाते बसवायचे, खोडाला त्याभोवती वाढू द्यायचे, मगच दांडा तोडायचा.

रानात अडकलेल्याला याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. तातडीला काहीच नाही. तिथे पाते दांड्याला बांधायला वाख आणि डिंक बरा. पण जगणे म्हणजे एक रात्र निभावणे नव्हे. पुढच्या काही वर्षांची कुऱ्हाड आज पेरणारा माणूस ते झाड राखतो, त्या जागी परततो. साहस शिबिरांत नेमके हेच शिकवत नाहीत. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या शाळांनी पांडवलेणीच्या सहलीत मुलांना दांड्याला चिवट लाकूड आणि चिकटवायला डिंक देणारे धावडा-बाभूळही ओळखायला शिकवावे.