व्यासपौर्णिमेचा पाठ

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा, म्हणजेच व्यासपौर्णिमा. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत उपनगरांतील मठमंदिरांत आज पाद्यपूजेची लगबग असेल. घरोघरी पोथ्यांवर फुले वाहिली जातील आणि मुले गुरुजनांपुढे नतमस्तक होतील. हा सोहळा मंगल आहे यात शंका नाही. परंतु ज्या महर्षींच्या नावाने हा दिवस ओळखला जातो, त्यांची माता सत्यवती ही धीवराच्या घरी वाढलेली, यमुनेत नाव हाकणारी कन्या होती, याचे स्मरण पूजेच्या वेळी कितीजणांना होते? वेसाव्याच्या कोळीवाड्यास तरी ते अभिमानाने व्हावे. वेदांची व्यवस्था लावणारा ज्ञानसूर्य अशा मातेच्या पोटी उगवला. ज्ञानावर कोणा एका कुळाची मालकी नाही, हाच या दिवसाचा पहिला पाठ होय.

हा पाठ आपला समाज वारंवार विसरला. द्रोणाचार्यांनी एकलव्यास विद्या नाकारली आणि न दिलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मात्र मागून घेतला. महाभारतकारांनी ही कथा झाकून ठेवली नाही, हा त्यांचा थोरपणा. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी याच मुंबईत भीमराव रामजी आंबेडकर या बुद्धिमान विद्यार्थ्यास, केवळ अस्पृश्य म्हणून, संस्कृत शिकण्यास मज्जाव झाला. त्याला फारसीचा आश्रय घ्यावा लागला. व्यासांची भाषाच त्याला बंद झाली!

त्याच मुंबईत दुसरा एक शिक्षक होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिवछत्रपतींचे आणि तुकोबांचे चरित्रकार. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एकाग्रतेने वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारार्थ सभा भरली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या हाती ठेवले. गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षणास पैसा अपुरा पडू लागताच त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्या आधारावर पदवी पदरी पडली आणि १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची वाट मोकळी झाली.

केळुसकरांनी दक्षिणा मागितली नाही. १९३४ साली ते निवर्तले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना त्याच वर्षी त्यांनी केळुसकरांच्या त्या भेटीचा कृतज्ञतेने उल्लेख केला होता. एका पुस्तकाचे बीज जवळजवळ अर्धशतकानंतर असे फळास आले.

हा शेवट काही भाविक मनांना बोचेल. तो बोचावा, असेच आम्ही म्हणू. शिष्य घर सोडून का गेला, याचे उत्तर त्याला पुस्तक देणाऱ्या गुरूकडे मागावयाचे नसते. ते दार लावून घेणाऱ्यांनी द्यावयाचे असते. शिष्याला आपल्याच पायवाटेने चालविणे ही गुरुत्वाची कसोटी नव्हे. त्याच्या ठायी असलेला प्रकाश ओळखणे आणि तो पडेल त्या दिशेने त्याला जाऊ देणे, हे खरे गुरुत्व.

आजही उपनगरांतील झोपडवस्त्यांत, महापालिकेच्या शाळांत, इमारतीच्या जिन्यावरील दिव्याखाली अशी मुले वाचीत बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहणारी केळुसकरांची दृष्टी हवी. आज गुरुचरणी फूल वाहून झाल्यावर अशा एखाद्या मुलाच्या हाती एक पुस्तक ठेवावे, जमल्यास त्याच्या शिक्षणाचा भार उचलावा, आणि त्याची जात न विचारता हे करावे. व्यासांची पूजा त्यानेच पूर्ण होईल.