बी भिजत घालण्यापूर्वी पाण्याची पाळी बघा



सुरू उसाच्या सरीत भेंडी, काकडी, कोथिंबीर घेण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. उसाचे बिल हाती पडेपर्यंत घरखर्चाला हाच पैसा उपयोगी पडतो. म्हणूनच बी उगवले नाही की सभासद तडक गट ऑफिसात येतो, "साहेब, बियाणे बोगस निघालं." कधी कधी निघतेही. पण माझे स्पष्ट मत असे की पुष्कळदा दोष पुडीचा नसतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या गार जमिनीत कोरडे बी टोकले, तर ते पाणी शोषण्यातच दिवस घालवते. तोवर मुंग्या आणि बुरशी आपले काम उरकून घेतात.

उसाच्या टिपरीला आपण दहा-पंधरा मिनिटे औषधाच्या पाण्यात बुडवतो. मग भेंडीच्या महागड्या बियाला एक रात्र पाणी दाखवायला कंटाळा का?

कारले, दोडका यांचे कवच टणक असते. त्यांना चोवीस तास लागतात, मध्ये एकदा पाणी बदलावे. भेंडीला एक रात्र पुरे. धने आधी रगडून दोन फाकी कराव्यात, मग रात्रभर भिजवावेत. मात्र बी पाण्यात विसरू नका. मटकीला मोड कसे आणायचे हे आपल्या घरातल्या बायकांना शिकवावे लागत नाही. त्या मटकी भिजली की पाणी काढून फडक्यात बांधतात. पाण्यातच ठेवली तर आंबते, कारण बियालाही हवा लागते. बारदानात गुंडाळायचे ते याचसाठी.

सगळेच बी भिजवायचे नसते. घेवड्याचे कोरडे बी एकदम पाणी पिते आणि आतल्या डाळी तडकतात. ते वाफशावर तसेच टोकावे. पुडीतले बी गुलाबी, निळे दिसले तर ते औषध चोळलेले आहे असे समजा. ते भिजवले तर पैसे देऊन घेतलेले औषध धुऊन जाते, आणि ते पाणी जनावरांच्या तोंडी लागले तर वेगळेच संकट.

आणखी एक. भिजवल्याने मेलेले बी जिवंत होत नाही. प्रमाणित बियाण्यालासुद्धा भेंडीसाठी किमान ६५ टक्के आणि कारल्यासाठी ६० टक्के उगवण एवढीच अट आहे. घरचे किंवा उसने बी असेल तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजा.

आता खरी अडचण. बी भिजते ठरल्या वेळी, पाणी येते त्याच्या मर्जीने. वीज रात्रीची, पाळी लांबलेली, आणि घरात बी फुगून बसलेले! कोरड्या मातीत असे बी टोकले तर मातीच त्याची ओल ओढून घेते. न भिजवलेले बी निदान पाण्याची वाट पाहत पडून राहते, हे राहत नाही. म्हणून आधी सरी भिजवा, वाफसा कधी येईल याचा अंदाज घ्या, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी बी पाण्यात घाला.

तरीही मजूर आले नाहीत तर? गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या शेतांवर मका, भात, हरभरा यांचे बी भिजवून पेरण्याचे प्रयोग झाले, ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. बी किती तास भिजवणे निर्धोक, ही मर्यादा त्यांनी पिकागणिक ठरवली. त्या मर्यादेत भिजवलेले बी वरून सुकवून पेरता येते, पेरणी थोडी लांबली तरी वाया जात नाही. आपल्या भाजीच्या बियालाही मोड फुटला नसेल तर सावलीत पातळ पसरून सुकवा, उन्हात नको. एक-दोन दिवस निभावतात. मोड दिसू लागला असेल तर मात्र त्याच दिवशी टोकलेच पाहिजे, मग घागरीने पाणी घालावे लागले तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी