इंदूरचा उन्हाळा आणि जाड ऑइलचा आग्रह

उष्ण हवेच्या गावात गाडीला जाड ऑइलच घालावे, हा समज मध्य भारतात जुना आहे आणि इंदूरही त्याला अपवाद नाही. त्यामागचे कारण वरवर बिनतोड वाटते. उन्हात ऑइल पातळ होते, पातळ ऑइल धातूला धरून राहत नाही. तेव्हा मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या गावात २०डब्ल्यू-५० सारखे दाट ऑइल सुरक्षित. याच्या जोडीने आणखी दोन मते चालतात: काळे पडलेले ऑइल म्हणजे वाया गेलेले ऑइल, आणि भारी ऑइल घातले की गाडीची ताकद व मायलेज वाढते. तिन्ही मतांत मूळ चूक एकच आहे. इंजिनाच्या आत काय घडते ते न पाहता ती बाहेरच्या खुणांवर भरवसा ठेवतात.

पहिले मत सगळ्यांत जास्त नुकसान करणारे आहे, म्हणून ते आधी तपासले पाहिजे. इंजिनातले तापमान हवामान ठरवत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो. इंजिन गरम झाल्यावर कूलंट साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राखला जातो आणि नेहमीच्या चालीत ऑइल ९० ते ११० अंशांवर स्थिरावते. इंदुरात जानेवारीची पहाट असो की मेची दुपार, कूलिंग यंत्रणा धड असेल तर या आकड्यांत फार फरक पडत नाही. ऑइलचा दाटपणा, म्हणजे श्यानता, प्रयोगशाळेत ४० आणि १०० अशा दोन अंशांवर मोजतात. ५डब्ल्यू-३० ऑइलची श्यानता ४० अंशांवर सुमारे ६० ते ७० सेंटिस्टोक असते, १०० अंशांवर १० ते ११. २०डब्ल्यू-५० चे आकडे याच क्रमाने सुमारे १६० आणि १८. यातला ४० अंश म्हणजे इंदूरच्या मे महिन्यातली दुपार. त्या दुपारी सावलीत उभी असलेली गाडी सुरू करताना आतले ऑइल कामाच्या वेळेपेक्षा सहापट, आणि जाड ग्रेड घातली असेल तर जवळजवळ नऊपट, दाट असते. माणसाला भाजून काढणारी ती दुपार इंजिनाच्या दृष्टीने थंडीच असते. इंदूरच्या उन्हाचा सगळा युक्तिवाद या एका मोजमापापुढे कोसळतो.

डोंगरचढ, भरलेली गाडी, लांबचा वेगवान प्रवास यांनी ऑइल खरोखर तापते. खांडव्याकडे जाताना भेरूघाट चढणारी भरलेली गाडी किंवा आग्रा-मुंबई रस्त्यावर तासन् तास वेगात धावणारी गाडी ऑइलला १२० अंशांच्या पुढे नेऊ शकते. इंदूरशेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची वेगवान चाचणी-धावपट्टी आहे. सतत तशा वेगाने पळणाऱ्या इंजिनातही तेच होते. पण याची तरतूद ग्रेड ठरवतानाच केलेली असते. वाहन-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संघटनेच्या जे-३०० मानकानुसार ३० ग्रेडच्या ऑइलला १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखालीही, श्यानतेची ठरावीक किमान पातळी राखावीच लागते. गाडी बनवणारा ही परीक्षा लक्षात घेऊन बेअरिंगमधली फट, पंप आणि ऑइलच्या वाटा आखतो. ती फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. अरुंद फटीत जाड ऑइल कमी प्रमाणात वाहते. कमी वाहते म्हणून उष्णताही कमी वाहून नेते. जाड ऑइलाने दाबाचा काटा वर चढतो खरा, पण दाब हे वाहण्याला झालेल्या अडथळ्याचे माप आहे, वाहण्याचे नव्हे. चढलेला काटा पाहून समाधान मानणारा माणूस नेमका उलटा अर्थ लावत असतो.

गाडीच्या चालीवरचा परिणाम इथेच दिसतो. इंधनातल्या एकूण ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा इंजिनातल्या घर्षणातच जातो. ऑइल पातळ झाले तर धातू धातूला टेकतो आणि झीज होते. जास्त दाट झाले तर ऑइलचे स्वतःचे थर एकमेकांवर सरकवण्यातच ताकद खर्च होते. या दोन टोकांमध्ये घर्षण सर्वांत कमी असण्याची एक जागा असते, हे रिचर्ड श्ट्रिबेकच्या १९०२ च्या बेअरिंगवरच्या प्रयोगांतून पुढे आले. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालते. जाड ऑइल बारीक वाटांतून उशिरा पोचले की ती यंत्रणाही उशिरा हलते, आणि चालकाला गाडी ‘जड’ वाटते.

जाड ऑइलच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळातल्या इंजिनांत फटी मोठ्या असत, मिनरल ऑइल उष्णतेने लवकर विरळ होई, आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हाच त्यावर योग्य उपाय होता. जुन्या मिस्त्रींचा तो अनुभव खोटा नाही. तो ज्या इंजिनांवर मिळाला ती इंजिने आता रस्त्यावर फारशी उरलेली नाहीत, इतकेच. आजच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ ग्रेड लिहिलेली असते, आणि त्या गाड्या याच उन्हात चालण्यासाठी विकल्या जातात.

इंदूरच्या गाड्यांचे ऑइल खरे बिघडवतात ते छोटे फेरे. पलासियाहून राजवाडा, विजयनगरहून पलासिया, मग थोडा वेळ थांबून परत. शहरातल्या बऱ्याच गाड्यांचे दिवस असे काही किलोमीटरच्या तुकड्यांत जातात. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले थोडे पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेले पेट्रोल आणि आम्लेही. ऑइल पुरेसा वेळ तापले तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. पण काट्यावर कूलंट गरम दिसू लागला तरी ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. चार किलोमीटरच्या फेरीत ते तापतच नाही. पाणी आत साठते, गाळ धरू लागतो, ऑइलमधली आम्लविरोधी द्रव्ये संपत जातात. दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांतले जे आधी येईल ते, हा नियम यासाठीच असतो. वर्षभरात चारच हजार किलोमीटर चालली म्हणून तेच ऑइल दुसऱ्या वर्षी ठेवणे ही काटकसर नव्हे. छोटे फेरे, रहदारीत रेंगाळणे आणि धूळ यांना पुस्तिका ‘कठीण वापर’ म्हणतात आणि मुदत त्याहूनही कमी ठेवायला सांगतात. इंदूरची शहरी गाडी त्याच वर्गात मोडते.

काळ्या रंगाचा दोषही उलटा ठरतो. ऑइलमधली डिटर्जंट आणि डिस्पर्संट द्रव्ये काजळी धुऊन काढतात आणि ती कुठे बसू न देता तरंगती ठेवतात. डिझेल गाडीत नवे ऑइल काहीशे किलोमीटरांतच काळे होते आणि तरीही उत्तम काम करत असते. उलट बराच काळ मधाच्या रंगाचे राहिलेले ऑइल काजळी उचलत नसण्याचीही शक्यता असते. डोळ्यांना कळणाऱ्या खुणा निराळ्या आहेत: ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर म्हणजे पाणी, ऑइल मोजायच्या पट्टीला इंधनाचा वास म्हणजे इंधन मिसळले आहे.

ताकद वाढवणाऱ्या ऑइलची आणि वरून ओतायच्या बाटल्यांची जाहिरात सर्वत्र होते. ऑइल इंजिनाला नवी ताकद देऊ शकत नाही. घर्षणात जाणारी थोडी वाचवते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आणि पर्यावरण संस्थेचा अंदाज असा की, कंपनीने सांगितलेली ग्रेड वापरल्याने मायलेज १ ते २ टक्के सुधारते. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला हा फायदा पाव किलोमीटरच्या आसपास आहे. याहून मोठे दावे तिथल्या व्यापार आयोगापुढे टिकलेले नाहीत. ऑइलचा खप कमी करण्याच्या जाहिरातींबद्दल अशा बाटल्या विकणाऱ्या ‘एसटीपी’ला १९७८ मध्ये सात लाख डॉलरची तडजोड मान्य करावी लागली, ‘स्लिक ५०’च्या झीज रोखण्याच्या दाव्यांवर १९९७ मध्ये निर्बंध आले.

यावरून ‘मग कुठलेही ऑइल सारखेच’ असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे आहे. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारे फिल्टर सर्रास आले. जास्त राख सोडणारे जुन्या पद्धतीचे डिझेल ऑइल या फिल्टरात राख साठवते, आणि ती जाळून निघत नाही. तिथे एसीईए सी-३ सारखे कमी राखेचे, पुस्तिकेत नाव घेऊन सांगितलेले ऑइलच लागते. पिंपातून सुटे विकले जाणारे चालत नाही. छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर जोर पडला की मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोका असतो, आणि ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त द्रव्यांचा त्यात हात असल्याचे आढळल्यावर ऑइलचे वर्ग ठरवणाऱ्या एपीआयने २०२० च्या एसपी वर्गात त्याची स्वतंत्र चाचणी घातली. डब्यावर दिसणाऱ्या दोन आकड्यांइतकीच ही अक्षरेही महत्त्वाची आहेत.

ऑइलच्या पातळीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी पाहावी. दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचे अंतर असते. कमी ऑइलने पंप हवा ओढतो, आणि वरच्या खुणेच्या बरेच पुढे भरले तर फिरता क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो. फेसाला दाब पेलवत नाही. बीएस-६ डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली तर फिल्टर साफ करण्यासाठी सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरले आहे. छोट्या फेऱ्यांमुळे ती सफाई अर्धवट राहिली की हेच वारंवार होते, आणि मग किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता ऑइल बदलावे लागते.