पांढऱ्याचा हट्ट

पांढरा रंग म्हणजे नक्की कोणता? वर्गात कोणी विचारलं असतं तर मी सरळ हातातला खडू दाखवला असता. निवृत्तीनंतर डिजिटल कॅमेऱ्याचा नाद लागला आणि हाच प्रश्न नव्याने समोर आला.

खडू समईजवळ धरा, तो पिवळा-नारिंगी असतो. दुपारच्या उन्हात पांढरा, सावलीत निळसर. आपला मेंदू मात्र दर वेळी "खडू पांढराच" असं सांगून मोकळा होतो. कॅमेऱ्याला ही समज नाही, म्हणून त्यात व्हाइट बॅलन्सची सोय असते. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. ज्योतीचा प्रकाश साधारण १९००, जुना पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५५००, ढगाळ दिवस ६५००. आकडा वाढतो तसा प्रकाश निळा होतो. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे आपण ज्या प्रकाशाला उबदार म्हणतो, तोच आकड्याने थंड! गंमत आहे की नाही?

बहुतेक जण हे सगळं 'ऑटो'वर सोपवतात. रोजच्या फोटोंना ते ठीकच आहे. पण जिथे प्रकाश किंवा रंग हाच प्रसंगाचा प्राण असतो, तिथे ऑटो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगतो. सगळ्या रंगांची सरासरी करड्याकडे यावी, हा ऑटोचा जुना हिशेब. नवे कॅमेरे जास्त हुशार आहेत, पण हा हट्ट पुरता गेलेला नाही. हळदीच्या कार्यक्रमात चहूकडे पिवळंच पिवळं. कॅमेऱ्याला वाटतं, पिवळा फार झाला. मग तो निळा ओततो आणि नवरी मुलगी आजारी दिसते!

याहून मोठं उदाहरण ९ सप्टेंबर २०२० चं. वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भर दिवसा नारिंगी झालं. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले, तर अनेकांच्या पडद्यावर साधं करडं आकाश! कॅमेऱ्याने परस्पर 'दुरुस्ती' करून टाकली होती. डोळ्यांसमोर एवढं अघटित, आणि फोटो म्हणतो विशेष काही नाही. उद्या नातवंडांना दाखवायचं काय?

"पण पांढरं लुगडं पांढरं दिसायला नको का?" असं कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. समईच्या उजेडात कॅमेरा उन्हाच्या खुणेवर ठेवला तर फोटो भडक नारिंगी येतो, आणि तसंही आपण पाहिलेलं नसतं. खरं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं. मी अशा वेळी आकडा ३००० च्या आसपास ठेवतो. लुगडं पांढरं आहे हे कळतं आणि समईही जाणवते. शक्य असेल तर 'रॉ' प्रकारात फोटो काढावा, म्हणजे रंगाचा निर्णय नंतर घरी शांतपणे घेता येतो.

मात्र तो निर्णय आपणच घ्यावा. त्या संध्याकाळी तिथे आपण होतो. तो उजेड कसा होता, हे कॅमेऱ्याने आपल्याला विचारावं, परस्पर ठरवू नये.