सँडविच ओलं झालंय, बॉस!

गेटवेच्या कठड्याला टेकून कटिंग पिताना, समोर डुलणाऱ्या यॉट्सकडे बघून ‘आपलीही एक असावी’ असं कोणाला वाटत नाही? माझ्या ऑफिसातल्या मित्राला ते स्वप्न चक्क ३ लाखांत मिळत होतं. चोवीस फुटी, फायबरची, गडद निळी रेसिंग बोट. चौघांनी घ्यायची, प्रत्येकी ७५ हजार. म्हणजे बऱ्यापैकी बाइकपेक्षाही कमी! फोटो बघून दोघांनी तिथल्या तिथे होकार दिला. मी विचारलं, ‘‘एवढी स्वस्त का रे?’’

‘‘काही नाही, थोडं डीलॅमिनेशन आहे. होईल रिपेअर.’’

या ‘थोडं’वरच सगळा खेळ आहे. अशा बोटीचं अंग म्हणजे अक्षरशः सँडविच असतं. बाहेर फायबरचा पातळ थर, आत तसाच दुसरा आणि मध्ये फोम. थर तेवढेच ठेवून मध्ये फोम घातला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठपणा सातपट होतो. चौपट केली तर सदतीसपट! वजन मात्र जेमतेम वाढतं. पण ही सगळी जादू तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असेपर्यंतच. ते सुटले, की उरतात दोन लवचीक पापुद्रे. बरं, प्रकरण तिथंच थांबत नाही. प्रत्येक लाटेला सुटलेला भाग आत-बाहेर होतो आणि शेजारचा चिकटलेला भागही उचकटत जातो. दोन वर्षांपूर्वीचं ‘थोडं’ आज थोडं राहिलेलं नसतं.

सुटतं कशामुळे? एक म्हणजे मार. लाटेवरून उतरताना बोट नाकाखालच्या तळावर आपटते, पुनःपुन्हा. दुसरं, ऊन. पीव्हीसी फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि गडद रंग किती तापतो हे काळी गाडी असलेल्याला वेगळं सांगायला नको. तो फोटोतला झकास निळा रंग आधीच्या मालकानं हौसेनं मारून घेतला होता. आपल्या एप्रिलच्या उन्हात!

मग एका रविवारी मांडव्याची लाँच पकडून आम्ही बोट बघायला गेलो. सोबत एक जुने फायबर मिस्त्री. त्यांचं तपासणीचं यंत्र म्हणजे प्लॅस्टिकची छोटी हातोडी. (नाणंही चालतं म्हणे.) चांगल्या जागी आवाज खणखणीत, सुटलेल्या जागी ढब्ब. दर दोन इंचांवर ठोकत जायचं आणि आवाज बदलेल तिथे खडूनं खूण करायची. बाजूच्या भिंतीवर दोन वर्तुळं मिळाली, एक तळहाताएवढं, एक ताटाएवढं. दोन्ही पूर्ण. तिसरं नाकाखाली सुरू झालं आणि कीलकडे सरकत आतल्या आडव्या भिंतीपाशी पोचलं. तिथे ठोकून काहीच नीट कळेना. खडूची रेघ तशीच उघडी राहिली. मालकाच्या परवानगीनं आतून एक बारीक भोक पाडलं, तर पाणी आलं. बाल्सा लाकूड असतं तर एव्हाना कुजलं असतं. फोम कुजत नाही, पण सुटलेल्या फटीत पाणी मजेत राहतं.

आमच्यातल्या एकानं लगेच जुगाड काढला. ‘‘भोकं पाडू, इपॉक्सी भरू, विषय संपला!’’ मिस्त्री नुसतेच हसले. ओल्या, मळक्या फटीत इपॉक्सी धरत नाही. ते नेमकं कुठवर पोचलं हेही बाहेरून कळत नाही. तात्पुरतं काहीतरी करता येतं, नाही असं नाही. २०१२ मध्ये व्हॉल्व्हो ओशन रेसमधल्या अबुधाबीच्या ‘अझ्झाम’चा फोम भर दक्षिण महासागरात सुटला, तेव्हा त्यांनी बोटीच्या अंगातून आरपार बोल्ट घालून थर आवळले होते. पण ते चिलीच्या किनाऱ्याला सुखरूप लागण्यापुरतं. तो टप्पा त्यांना सोडावाच लागला.

खरी दुरुस्ती वेगळी. बाहेरचा थर कापायचा, फोम खरवडून काढायचा, आतला थर पूर्ण वाळवायचा, नवा फोम व्हॅक्यूमखाली दाबून चिकटवायचा आणि वर पुन्हा फायबर. नव्या-जुन्याचा सांधा उतरता घासावा लागतो, एका मिलिमीटर जाडीला साधारण बारा मिलिमीटर. म्हणजे थर ३ मिलिमीटरचा असेल तर चहूबाजूंनी ३६. तळहाताएवढं भोक बघता बघता ताटाएवढं होतं ते असं.

आणि गंमत अशी की मुंबईत शिडाच्या बोटी पावसाआधी वर काढतात आणि ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा पाण्यात सोडतात. म्हणजे बोट मोकळी असते तेव्हा हवा ओलीचिंब, काही वाळत नाही. आणि हवा कोरडी होते तेव्हा सगळे शिडं उभारून निघालेले असतात. पावसात तंबू, दिवे, डीह्युमिडिफायर लावून काम होतं, पण त्याचं भाडं कोण भरणार? नाहीतर आख्खा सीझन शेडमध्ये मास्क लावून घासत बसा. वीकेंडला बोट चालवायची होती की बोट घासायची, हे चौघांनी आधी एकमेकांना विचारायला हवं. दोन्ही हौशी आपापल्या जागी उत्तम आहेत, फक्त माणसं वेगळी लागतात.

माझं गणित शेवटी त्या रेघेवर अडलं. बंद वर्तुळाचं कोटेशन मिळतं. दोन वर्तुळांचं ६० हजारांत काम सांगितलंही. तिसऱ्याचं मिस्त्रींनी आकडाच दिला नाही. ‘‘उघडल्याशिवाय सांगणार नाही,’’ म्हणाले. आणि ते उघडायचं, तर आधी बोट आमच्या नावावर झालेली हवी!

मी नाही म्हटलं. मित्र दोन दिवस बोलला नाही. मग मालकाचा फोन आला, दीड लाखात देतो. मित्राला मी एवढंच सांगितलंय, की आडव्या भिंतीलगतचं आतलं फर्निचर मालकाच्या खर्चानं काढायला लाव, पलीकडून ठोकून बघू. रेघ कीलच्या अलीकडे बंद झाली तर माझा हिस्सा त्याच दिवशी ट्रान्सफर करतो. नाही झाली तर फुकटातसुद्धा नको. शनिवारी सकाळी आठची लाँच आहे. हातोडी मिस्त्री आणतील, खडू मी घेतलाय.