निष्ठावंताची उचलबांगडी

बंडखोराला हाकलणं संस्थांना सोपं जातं. अवघड जातो तो नेमाने प्रार्थना करणारा, संस्थेचीच पाठ्यपुस्तकं लिहून देणारा आणि तरीही ‘हे कशाच्या आधारावर?’ असं विचारणारा माणूस. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चला लॉवेल बेनियन (१९०८–१९९६) असे अवघड गेले.

सॉल्ट लेक सिटीचा हा तरुण जर्मनीत धर्मप्रचार करून युरोपातच शिकायला राहिला. १९३३ साली स्ट्रासबुर्गहून समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरवर डॉक्टरेट घेतली. इंग्रजी जगाला वेबर तेव्हा जेमतेम ठाऊक होता. युटा विद्यापीठाला लागून चर्चने विद्यार्थ्यांसाठी धर्मशिक्षणाची संस्था काढली, तिचे हे पहिले संचालक. विज्ञान शिकणारी पोरं शंका घेऊन येत आणि बेनियन त्यांना गप्प बसवत नसत.

मॉर्मनांत पगारी पुरोहितवर्ग नाही. बारा वर्षांच्या मुलालाही पौरोहित्याची पहिली पायरी चढता येते. तो आफ्रिकी वंशाचा मात्र नसावा, अशी बंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होती. काळ्या जोडप्याला मंदिरातला विवाहविधीही बंद. समर्थनाला कुणी बायबलमधल्या केनला मिळालेला शाप पुढे करी, तर कुणी जन्मापूर्वीच्या अस्तित्वात त्या आत्म्यांनी केलेली कसूर. (पूर्वसंचितावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांच्या देशात हे उलगडून सांगायला नको.) देव न्यायी असेल तर ही कारणं टिकत नाहीत, अशी बेनियन यांची भूमिका होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

१९६२ साली त्यांना संचालकपद सोडावं लागलं. वर्णबंदी हे एकमेव कारण नव्हतं. त्यांची मोकळी शिकवण्याची रीतच वरच्यांना खुपत होती. पुरोहितांना पगार न देणाऱ्या या चर्चचं शिक्षणखातं तोवर चांगलंच पगारी आणि शिस्तशीर झालं होतं. संस्थांची नोकरशाही कशी होत जाते हे सांगणाऱ्या वेबरला याचं नवल वाटलं नसतं.

बेनियन यांनी चर्च सोडलं नाही. विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं, आयडाहोत मुलांना रँचवर नेऊन कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणायला लावले, विधवा-वृद्धांची घरं रंगवून घेतली. त्यांच्या या सेवेचे गोडवे आता सगळेच गातात. मला त्यात थोडी सोय दिसते. रंगाचा ब्रश हातात घेतलेला संत कुणालाच अडचणीचा नसतो. अडचणीचा होता तो खडू हातात असलेला शिक्षक.

जून १९७८मध्ये बंदी उठली. अध्यक्ष स्पेन्सर किम्बल यांना साक्षात्कार झाला, असं चर्चने जाहीर केलं. शापाची नि कसुरीची ती जुनी कारणं आपल्याला मान्य नाहीत, हे चर्चने लिहून द्यायला २०१३ साल उजाडलं. बेनियन जाऊन तेव्हा १७ वर्षं झाली होती. त्यांना दूर केल्यापासून बंदी उठेपर्यंतच्या १६ वर्षांत किती विद्यार्थी त्यांचा प्रश्न न ऐकताच त्या वर्गातून बाहेर पडले, हा हिशेब मात्र कुठल्याच गौरवभाषणात येत नाही.