पाव मैलाची तयारी

मुलीकडे न्यू जर्सीत एडिसनला आलो की माझा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी फेरफटका, दुपारी वामकुक्षी आणि संध्याकाळी नातवाला मराठी शिकवण्याच्या नावाखाली त्याच्याशी इंग्रजीत गप्पा. यंदा मात्र आल्याच्या तिसऱ्याच दिवशी मुलीने मला स्वयंपाकघरात गाठले आणि एक कागद पुढ्यात ठेवला. "बाबा, यावर सही करू की नको, ते तुम्हीच सांगा."

कागद संमतिपत्राचा होता. सतरा वर्षांच्या नातवाला आपली जुनी होंडा सिव्हिक घेऊन इथून तासाभरावरच्या ग्रेट मेडोज गावी, आयलंड ड्रॅगवेवर जायचे होते. ड्रॅग स्ट्रिप म्हणजे पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची सरळसोट पट्टी. वळण नाही, चढउतार नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होताच सुटतात आणि लागलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून हातात चिठ्ठी मिळते. मुलगा अज्ञान असल्याने पालकाची सही हवी होती.

माझे उत्तर तोंडावर तयार होते : मुळीच नको. त्याला कारण होते.

१९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. आमच्याच शाखेतल्या एका तरुण कारकुनाच्या मोटारसायकलच्या कर्जावर माझी सही होती. यामाहा आरएक्स १०० घेतली तेव्हा त्याने सगळ्या शाखेला पेढे वाटले. चार महिन्यांनी हायवेवर मित्राशी पैज लावून तो सुसाट निघाला आणि वळणावर समोरून ट्रक आला. त्याचे वडील उरलेले हप्ते भरायला स्वतः काउंटरवर येत. विम्याचे पैसे येईपर्यंत त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही. त्या दिवसांत मी पासबुकातून मान वर करत नसे.

म्हणून मी नातवाला बोलावून घेतले, समजूत घालायला. त्याने न बोलता नियमांची पाने माझ्या हातात ठेवली. ती वाचता वाचता माझ्यातला निवृत्त बँकवाला जागा झाला. पट्टीवर जाण्याआधी गाडीची तपासणी होते. बॅटरी घट्ट बसवलेली हवी. चाकांचे सगळे नट आवळलेले हवेत, टायरची नक्षी शाबूत हवी. तेलाचा किंवा पाण्याचा एक थेंबही गळता कामा नये, कारण तुमच्या गळतीवरून मागचा घसरतो. अंगात पूर्ण पँट, पायात बंद बूट. मागे फिरायचे तर दुसऱ्याची मार्गिका ओलांडायची नाही. ठरलेल्या रस्त्यानेच परतायचे. वेगवान गाड्यांना हेल्मेट सक्तीचे आहे. आमच्या सिव्हिकची गणना त्यांत होण्यासारखी नव्हती, तरी मी हेल्मेटचा हट्ट धरला आणि तो मान्य झाला. ऑडिटरच्या यादीतसुद्धा मी इतका शहाणपणा पाहिला नव्हता.

अमेरिकेत ही शिस्त काही आभाळातून पडलेली नाही. इथली पोरेही रात्री रस्त्यांवर शर्यती लावत. १९५१ साली वॉली पार्क्स या गृहस्थाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, ती या वेडाला रस्त्यावरून उचलून नियमांच्या चौकटीत आणण्यासाठीच. धोका संपला असे मी म्हणणार नाही. याच राज्यात, इंग्लिशटाउनच्या पट्टीवर, २००८ साली स्कॉट कलिट्टा हा नामवंत शर्यतपटू गेला. त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांची धाव १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली गेली. चूक दिसली, अंतर घटवले.

मला सर्वांत भावला तो हौशी लोकांचा एक प्रकार. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल, हे चालकाने आधी जाहीर करून काचेवर लिहायचे. दोघांच्या आकड्यांत जितका फरक, तितका वेळ संथ गाडी आधी सुटते. म्हणजे जुनी सिव्हिकसुद्धा महागड्या गाडीला हरवू शकते. पण सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर सहसा तुम्ही बाद! मुद्दाम कमी सांगून जिंकता येत नाही. कर्जाच्या अर्जांवरचे उत्पन्नाचे आकडे वाचण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. हा नियम तिथे असता तर किती बरे झाले असते.

आता आपल्याकडचे बोलू. मुंबईत, पुण्यात रात्री मोटारसायकली पळवणारी पोरे पोलिसांना सापडतात, पेपरात छापून येते. २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यावर शर्यत लावण्याचा दंड पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपयांपर्यंत गेला, कैदेचीही तरतूद आहे. ते योग्यच आहे. पण दंड भरल्यावर त्या पोराने जायचे कुठे? लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पण कधीतरी होणारा सोहळा वेगळा आणि कुठल्याही कारकुनाला सुटीच्या दिवशी थोडे पैसे भरून, गाडी तपासून घेऊन पळवता येईल अशी जागा वेगळी. जिल्ह्याजिल्ह्यात आपण क्रीडासंकुले बांधतो. चार जिल्ह्यांत मिळून पाव मैलाची एक सरळ पट्टी का नको? यावर 'पोरांना आणखी चेकाळवता काय?' असे विचारणारे भेटतील. मीही तेच विचारत आलो. पण त्या कारकुनाला दहा जणांनी रागावून पाहिले होते, मीही त्यांतलाच. वळण नसलेली जागा मात्र त्याला कोणी दाखवली नाही.

मुलीने सही केली. शनिवारी सकाळी निघायचे ठरले. पहिल्या खेपेला शर्यत नाही, नुसती एकट्याने वेळ काढायची, एवढी अट मी घातली. शुक्रवारी रात्री नातू आणि मी गाडी रिकामी करायला बसलो, कारण आत एकही सुटी वस्तू नको. डिकीतून टेनिसची रॅकेट, ग्रंथालयाची दोन पुस्तके आणि दिवाळीतला चकलीचा डबा निघाला. पायाखालच्या चटया काढल्या. टायरची हवा त्याने तपासली, मी टॉर्च धरला.

"आजोबा, हा?" त्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट दाखवले. मी हलवून पाहिला. खालची चिकटपट्टी सुटली होती.

मुलगी दारात उभी होती. तिने हात पुढे केला, गणपती पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "हा माझ्याबरोबर प्रेक्षकांत बसेल."